काश्यप गोत्राचे साहेबलोक

परक्या माणसांच्या वंशावळी आमच्या धाकट्या मामंजींइतक्या पाठ असलेला माणूस साऱ्या मद्रास इलाख्यात दुसरा झाला नसेल, आणि घरच्या माणसांची नावं इतक्या नेमानं चुकवणाराही झाला नसेल. हे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. साठी उलटली, दात गेले, तरी घरात ते 'धाकटे'च राहिले. पन्नास साल उलटून गेल्यावर मी लग्न होऊन नगरहून तंजावूरला, पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहून तमिळ वळणाची मराठी बोलणाऱ्या या घरात आले. पहिलं वर्षभर त्यांनी मला थोरल्या जावेच्या नावानं हाक मारली, पुढं काही महिने शेजारणीच्या, आणि एकदा तर म्हशीच्या नावानं मारली. मीही ओ दिली, कारण तोवर सवय झाली होती. पण माझ्या जन्माच्या कितीतरी आधी वारलेल्या कुण्या रेल्वेच्या गार्डाच्या तिसऱ्या मुलीचं नाव विचारा, जेवता जेवता सांगत. ती नावं त्यांच्या बायबलांत होती.

यावरून कुणी गैरसमज करून घेऊ नये. धाकटे मामंजी संध्या केल्याशिवाय कॉफीला शिवत नसत, आणि कॉफीशिवाय ते माणसांत येत नसत, त्यामुळं संध्या अंमळ भराभर होई. एकादशी धरत. हायस्कुलात चित्रकलेचे मास्तर होते. आणि जमवायचे काय, तर जुनी, सचित्र, घराण्याची बायबलं. गोऱ्यांच्या नि अँग्लो-इंडियनांच्या घरी पूर्वी असं एक भलंथोरलं पुस्तक असायचं: चामड्याची बांधणी, पितळी कड्या, पानभर कोरीव चित्रं आणि प्रत्येक चित्रावर पातळ कागदाचा पडदा. मधोमध काही पानं मोकळी असत. त्यांवर घरातले जन्म, लग्नं आणि मृत्यू पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवायचे. साहेब गेला, त्याच्यामागून रेल्वेतली नि तारखात्यातली ती कुटुंबं विलायतेला, ऑस्ट्रेलियाला निघाली. बोटीवर एवढं धूड कोण नेणार? ती पुस्तकं तिरुच्चीच्या, नागपट्टणच्या जुन्या बाजारात आली, आणि तिथून आमच्या माडीवर.

या वेडाची सुरुवात शेंगदाण्यांपासून झाली. संध्याकाळी शाळेतून येताना मामंजींनी भाजलेले शेंगदाणे घेतले. पुडीच्या कागदावर चित्र होतं. एक दाढीवाला म्हातारा सुरा उगारून उभा, पुढ्यात लाकडांच्या मोळीवर बांधलेलं पोर, आणि वरून ढगातून एक हात येतोय, तिथंच कागद फाटलेला. झालं! मामंजींनी शेंगदाणे रस्त्यातल्या शेळीला घातले आणि दुकानाकडं धावत सुटले. उरलेला अर्धा कागद दुसऱ्या गिऱ्हाइकाबरोबर गेला होता. त्या बिचाऱ्याला देवळाच्या तळ्यापाशी गाठून त्याचे शेंगदाणे यांनी आपल्या टोपीत ओतून घेतले, टोपी त्याच्या हातात दिली आणि कागद घेऊन आले. त्या अर्ध्यावर ढगातल्या हातानं म्हाताऱ्याचं मनगट धरलं होतं. "वांचलं! पोर वांचलं!" असं ओरडत ते दारातून आत शिरले, तेव्हा धाकट्या सासूबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, वाटलं, रस्त्यात कुणाला तरी बैलगाडीखालून ओढून काढलं. दुसऱ्या दिवशी ते उरलेलं अख्खं पुस्तक विकत घेऊन आले. फाटलेलं चित्र खळ लावून जोडलं. त्यावर तेलाचा डाग राहिला तो राहिलाच. त्या पुस्तकावर त्यांचा जीव जडला तो असा.

धाकट्या सासूबाईंनी पहिल्या दिवसापासून या पाहुण्यांविरुद्ध आघाडी उघडली. मुख्य तक्रार चामड्याची. सोवळ्यातलं स्वयंपाकघर खाली आणि जनावराची कातडी वर, हे कोणत्या शास्त्रात बसतं? मामंजी म्हणाले, "मृदंग कशाचा असतो? तो नाही देवळांत वाजत?" सासूबाई जराही न अडखळता म्हणाल्या, "मग वाजवून दाखवा." पण खरी लढाई व्हायची ती उन्हाळ्यात, गच्चीवर. कसर लागू नये म्हणून मामंजी वेखंडाच्या पुरचुंड्या घालून पुस्तकं उन्हात ठेवायचे, आणि सासूबाईंचे तांदळाचे सांडगे, ज्यांना तिकडं वडाम म्हणतात, तेही नेमके त्याच उन्हात. एके वर्षी वारा सुटला, वडाम घातलेलं धोतर उलटलं आणि चित्रात समुद्र दुभंगून पलीकडं चाललेल्या सगळ्या लोकांवर ओले वडाम जाऊन बसले. मामंजींनी ते चाकूच्या टोकानं एकेक उचलले आणि सासूबाईंना नेऊन दिले. "तुमचे वडाम अस्के, एक न एक, परत घ्या. माझीं माणसं भिजलीं."

चित्रांचा अभ्यास त्यांचा दांडगा होता, पण तो चित्रकलेच्या मास्तराचा. मजकुराकडं ते फारसे जात नसत. "ह्या मनुष्यानं उंट पाहिला नाही," असा निकाल ते भिंग लावून देत, "गाय पाहिला, तिला मान ओढून लांब केला." सिंह मात्र सगळ्यांचे चांगले, कारण विलायतेत ते पिंजऱ्यात बघायला मिळतात, असं त्यांचं मत. आणि एक नियम अगदी कडक: ज्यात घरच्यांची नावं नाहीत, असं पुस्तक कितीही सुंदर असो, घरात घ्यायचं नाही. "मांडव घातला, लग्नच नाही, तिथं जाऊन काय करूं?" नावं असलेली पुस्तकं मात्र नुसती कपाटात राहत नसत. सकाळी आंघोळ करून आले की मामंजी जाहीर करत, "आज एलायझाचं बारसं." बारसं म्हटल्यावर पायसम, म्हणजे तिकडची खीर, आलंच. डॉक्टरांनी साखर बंद केल्यावर तर साहेबांच्या घरात बारशांची आणि लग्नांची अशी झुंबड उडाली की सासूबाईंनी एक दिवस स्वतः माडीवर जाऊन, इंग्रजी येत नसताना, त्या पानांवरच्या ओळी बोट ठेवून पाहिल्या. "एवढीं मुलं एका बाईला?" म्हणाल्या, आणि जिना उतरताना आपणच हसल्या. त्यांना स्वतःला मूल झालं नव्हतं. त्या दिवशी पायसमात काजू जास्त होते.

पुस्तकं आपली नव्हेत, असं मामंजी नेहमी म्हणत. "आपण राखण करणारे. कोणी घरचं माणूस मागायला आलं, द्यायचं. एक शब्द बोलायचा नाही." हे ते मोठ्या थाटात म्हणत, कारण येणार कोण? ती माणसं एक तर समुद्रापलीकडं गेली होती, नाही तर मातीखाली.

मातीखालच्यांचीही त्यांनी सोय केली होती. सर्वपित्री अमावास्येला आम्ही सगळे तिरुवैयारुला कावेरीवर जायचो. पुरुष पाण्यात उभं राहून पितरांना पाणी द्यायचे, आम्ही बायका पायऱ्यांवर डबे सांभाळायचो. एका वर्षी आपले आजे-पणजे आटोपल्यावर मामंजी उपाध्यायांना म्हणाले, "आणखी थोडे आहेत." मित्र, गुरू, शेजारी, अशा कुणालाही या दिवशी पाणी देता येतं, हे उपाध्यायांना ठाऊक होतं. पण नावं ऐकून त्यांचा हात थांबला.

"गोत्र काय ह्यांचं?"

"गोत्र माहीत नसलं तर काश्यप म्हणावं, असं गेल्या वर्षीं तुम्हींच सांगितलां."

उपाध्याय आपल्याच शास्त्रात अडकले. म्हणाले, "बरं, ब्राह्मणाचं शर्मा म्हणूं कीं क्षत्रियाचं वर्मा?"

"हा जॉर्ज कॅप्टन होता. वर्मा म्हणा."

असे त्या घाटावर जॉर्जवर्मा, टॉमसवर्मा आणि एक मीठ-खात्यातले, म्हणून वैश्य ठरलेले, हेन्रीगुप्त यांना तीळ-पाणी मिळू लागलं. पुढं पुढं उपाध्यायांनाही त्यांची सवय झाली, इतकी की एखादं नाव राहिलं तर तेच आठवण करून देत. मी एकदा मामंजींना चिडवलं, "तुमचे हे साहेब पाण्यानं तृप्त होतात का? त्यांना दुसरं काही लागत असेल." ते हसले नाहीत. "मुली," म्हणाले, (नाव आठवलं नसावं,) "ज्यांचं मागं कोणी नाही, त्यांना कोणीतरी हाक मारावी. बस्स, तेवढंच." मग माझ्याकडं न बघता धोतर पिळत राहिले. त्यांच्या मागं तरी कोण होतं?

अडलं फक्त एका नावाशी. शेंगदाण्याच्या त्या पहिल्या पुस्तकात शेवटची नोंद होती धाकट्या मुलीची, लूसीची. जन्म लिहिलेला, पुढं काही नाही. लग्न नाही, मृत्यू नाही. थोरल्या भावंडांचेही मृत्यू लिहिलेले नव्हते, पण ती वयानं शंभरीच्या घरातली, त्यांना बिनघोर पाणी मिळे. मामंजी दर वर्षी तिच्यापाशी थांबायचे. जिवंत माणसाला पाणी देणं महापाप, आणि मेलेल्याला न देणं हा अन्याय. शेवटी उपाध्यायांनी बोटांवर वय मोजलं. नव्वदी कधीच उलटली होती. "एवढं कोण जगतं, मास्तर?" म्हणाले. मामंजींनी डोळे मिटून ओंजळ सोडली. लूसीबाईही काश्यप गोत्रात गेल्या.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी दारात जटका, म्हणजे तिकडची घोडागाडी, थांबला. आतून एक वाळकुडी, ताठ, पांढरा झगा आणि टोपी घातलेली म्हातारी काठी टेकत उतरली. तिरुच्चीच्या जुन्या बाजारातल्या दुकानदारानं तिला 'बायबल मास्तर'चं घर सांगितलं होतं. मामंजी ओसरीवर पेपर वाचत होते. तिनं आपलं नाव सांगितलं आणि मामंजींच्या हातातला पेपर गळून पडला. मला वाटलं, यांना झटका आला. ते आत आले, खांबाला धरून उभे राहिले आणि सासूबाईंना म्हणाले, "ती आली. मी मारलेली ती आली."

"अय्यो, मग कॉफी करतें," सासूबाई म्हणाल्या. "मेल्याची खोटी बातमी उठली कीं आयुष्य वाढतं. भिऊं नका."

पुढचं बोलणं थोडं इंग्रजीत, थोडं तमिळमध्ये झालं. मी ते आपल्या मराठीत सांगते. मामंजींनी तिला कॉफी दिली, मग आणखी कॉफी दिली, चकलीसारखं मुरुक्कू दिलं, केळं दिलं. तिचं तोंड रिकामं राहिलं तर ती पुस्तक मागेल, असा काहीतरी त्यांचा हिशेब असावा. तिनं ते मागितलंच. मामंजींनी आधी दुसरंच आणलं, सोनेरी कडांचं. "ह्यातले उंट बघा. तुमच्या पुस्तकापेक्षा कितीतरी चांगले." मग तिसरं आणलं, पितळी कड्यांचं. म्हातारीनं तेही उघडलं, नावांवरून बोट फिरवलं आणि मिटलं. "हे दुसऱ्यांचे लोक आहेत, मास्तर," म्हणाली.

तेव्हा ते उठले आणि तिचं पुस्तक घेऊन आले. नेहमी ते उचलायचे तसंच, दोन्ही हातांवर, तान्ह्या मुलासारखं.

ती बराच वेळ पाहत राहिली. जोडलेल्या चित्रावरचा डाग कसला, असं तिनं विचारलं. "शेंगदाण्यांचा," मामंजी खालमानेनं म्हणाले. मग नावांची पानं आली. भाऊ वारला तेव्हा ती बंगलोरला राहत होती. घर आवरणाऱ्यांनी सगळं रद्दीत घातलं. त्यानंतर दोघी बहिणी गेल्या. "मी धाकटी ना," ती म्हणाली. "त्या तिघांचं लिहायचं माझ्याकडं राहिलं आहे. म्हणून हे न्यायला आले."

मग एकदम मामंजींनी सगळं कबूल करून टाकलं. कावेरी, तीळ, काश्यप गोत्र, तिला सोडलेली ओंजळ, सगळं. म्हातारी आधी नीट समजून घेत राहिली, आणि समजल्यावर इतकी हसली की सासूबाई पाणी घेऊन धावल्या. डोळे पुसत तिनं विचारलं, "माझ्या वडिलांनाही देता? आईलाही?"

"दर वर्षीं."

तिनं त्यांचा हात धरला, आणि तो तसाच धरून बसली. सोवळंओवळं त्या दिवशी कुणालाच आठवलं नाही.

पुस्तक मामंजींनी स्वतः जटक्यात ठेवलं. वेखंडाच्या पुरचुंड्या दिल्या, उन्हात कसं ठेवायचं ते सांगितलं, एक शब्द बोलायचा नाही म्हणणारा माणूस दहा वेळा तेच सांगत राहिला. निघताना ती म्हणाली, "मास्तर, पुन्हा मला मारायची घाई करू नका."

"तुम्ही येऊन सांगितल्याशिवाय नाही," मामंजी म्हणाले. "शब्द दिला." ती हसली. ते हसले नाहीत.

कपाटातली ती जागा त्यांनी कधी भरली नाही. चार-पाच दिवस माडीवरही गेले नाहीत, आणि सासूबाईंनी न विचारता रोज पायसम केलं. पण शब्द म्हणजे शब्द. पुढं दर वर्षी कावेरीत उभं असताना तिच्या आईवडिलांची नावं झाली की उपाध्याय त्यांच्याकडं पाहायचे, आणि मामंजी मान हलवायचे, "नाही. अजून सांगायला आली नाही." म्हातारीनं शंभरी गाठली, ओलांडलीही असणार. "अहो, मेलेलं माणूस येऊन सांगतं कधीं?" उपाध्याय वैतागून म्हणत. मामंजींचं उत्तर एकच, "शब्द दिलों मी."

साठचं दशक संपता संपता धाकटे मामंजी गेले. त्यांच्यानंतरच्या सर्वपित्रीला माझे यजमान कावेरीत उभे होते. त्यांनी काकांना पाणी दिलं, मग काश्यप गोत्रातल्या सगळ्यांना. नावं ऐकून ऐकून त्यांना पाठ झाली होती. तिच्या आईवडिलांचं झालं आणि उपाध्याय थांबले. "आतां काय करायचं? आतां तरी द्या. शब्द देणारेच राहिले नाहींत." यजमानांनी वळून पायऱ्यांकडं पाहिलं.

धाकट्या सासूबाई माझ्याशेजारी बसल्या होत्या. "नक्को," त्या वरूनच म्हणाल्या. "आतां हे तिकडेच आहेत. ती आली असती तर पहिली ह्यांनाच भेटली असती. आणि भेटली असती, तर हे स्वप्नांत येऊन मला सांगितल्याशिवाय राहिले असते? ह्यांच्या पोटांत कधीं कांहीं राहिलं आहे का?"

एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला. मामंजी गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या, त्या तिथं पायरीवर बसून रडल्या. लूसीबाईंना त्या वर्षी पाणी दिलं नाही, आणि आमच्या घरातून पुढंही कधी दिलं नाही.