मोळीला हात

“मुकादम, ह्यो अर्धा कोयता कशाला आणलाईस?”

कोडोलीच्या फडावर उतरल्या उतरल्या शेतमालक माझ्याकडं बोट करून बोलला. मोठ्यानं. म्हातारी म्हणजे बहिरीच, असं वाटलं असंल त्याला.

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तो तोडणार, ती मोळी बांधून वाहणार. माझा म्हातारा पावसाळ्यात गेला. मग मी अर्धी. तरी बीडहून आले. दिवाळी सरली की आमच्या गावात दारादाराला कुलूप. तिथं राहून बोलायचं कुणाशी, भिंतीशी?

इथं तरी काय! मुकादमानं मला कोप्या राखायला बसवलं. टोळी अंधारातच फडावर जायची. दिवेलागणीला यायची, भाकर खाऊन आडवी व्हायची. दिवसभर मी आन् त्या पाचटाच्या झोपड्या. कधीकधी मुद्दाम खोकायचे, आपला तरी आवाज कानावर पडावा म्हणून. लई एकटं वाटायचं. रडू यायचं, डोळे पुसायलाही मीच.

एक दिवस माणसं कमी पडली, मला बोलावणं आलं. हरखून गेले. मोळी बांधली, डोक्यावर चुंबळ ठेवली आन् मान ताठ करून उभी राहिले. म्हाताऱ्यानं मोळी उचलून द्यावी म्हणून. जन्माची सवय. तो नुसता “हं” म्हणायचा आन् डोक्यावर ठेवायचा.

मालक बांधावरनं हसला. “कुणाची वाट बघाय लागलीयास म्हातारे? नवरा वरनं येणार हाय व्हय?”

सगळा फड हसला. माझीच माणसं. जावेची सून तर पोट धरून. तिची बाळंतपणं मी केलेली.

अंगाची आग झाली. म्हणाले, “मालक, हसून झालं असंल तर खाली उतरा. मोळीला हात लावा.”

“मी?”

“तुमचाच ऊस हाय.”

तो आला नाही. मी हलले नाही. मोळी वाटेत आडवी. मागच्या बाया डोक्यावर ओझं घेऊन खोळंबल्या, ट्रॅक्टर उभा. मुकादम ओरडला, “काकू, कोपीवर जा!” गेले नाही. शेवटी जावेची सूनच खाली मान घालून आली, तिनं हात दिला.

त्या संध्याकाळी कुणी माझ्याशी बोललं नाही. नका बोलू. कोप्या राखायला आता दुसरं कुणी बघा. मी रोज फडावर जाणार, मोळी बांधणार, जवळ दिसंल त्याला नाव घेऊन हाक मारणार. हात लागला नाही तर मोळी तिथंच पडंल, वाटेत. मेलेल्याची वाट बघत मी आता उभी राहणार नाही.