दादांच्या फोनची दुपार

माझी ऑफिसची ऑनलाइन मीटिंग रोज दोनला सुरू व्हायची. मंठ्यातल्या आमच्या घरी दादा, म्हणजे माझे वडील, बरोबर त्याच वेळी जेवून फोनवर कीर्तन लावायचे. नेट दोघांना पुरायचं नाही; पुण्याचा साहेब म्हणायचा, पडद्यावर तुमचं तोंड अडकलंय. दादांना सरळ सांगावं, 'दोन तास थांबा', एवढी साधी गोष्ट. पण बापाला थांबा म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. मंग मी हुशारी केली.

राउटरची सेटिंगं लोक ब्राउझरमध्ये रंगीत बटणं दाबून बदलतात. मला त्यात कमीपणा वाटायचा. मी लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावरून थेट राउटरमध्ये शिरायचो आणि हुकूम टाईप करायचो. तशाच दोन ओळी लिहिल्या: दोनला दादांच्या फोनचं नेट तोडायचं, चारला जोडायचं. शेजारी गंमत म्हणून टीप टाकली, 'दादांची झोप'.

मीटिंगा सुरळीत झाल्या. केबलवाल्याच्या मात्र तीन चकरा झाल्या. दादा त्याला झापायचे, तो बिचारा वायर बदलायचा, आणि मी मध्ये उभा राहून म्हणायचो की ह्यांच्या लाइनचं काही खरं नाही.

शेवटच्या दुपारी दादांनी बाहेरच्या खोलीतून विचारलं, "नेट गेलं का रे?"

मी हेडफोन अर्धा सरकवून म्हणालो, "येईल चारला."

ते आडवे झाले. चारला नेट आलं. ते उठले नाहीत.

दहाव्याला नदीवर कावळा पिंडाला शिवेना. अशा वेळी गेलेल्याच्या मनात काय राहिलं असेल, ते एकेकानं पुढं होऊन कबूल करायचं असतं. काका म्हणाले, वहिनीला सांभाळतो. मग म्हणाले, बांधाचं भांडण मिटवतो. कावळा झाडावरच. माझ्या जिभेवर त्या दोन ओळी आल्या होत्या, पण चार गावच्या पाहुण्यांसमोर 'दादा, नेट मीच तोडत होतो' असं कसं म्हणणार? मी हात जोडून म्हणालो, कधी व्यसन करणार नाही. मला सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. ते कावळ्यालाही माहीत असावं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

महिन्याभरानं आईनं दादांचा फोन वापरायला काढला, पडदा मोठा म्हणून. आठ दिवसांत तिनं दुपारचं जेवण सोडलं. फोनजवळ पाण्याचा तांब्या भरून ठेवायची आणि चारपर्यंत तशीच बसायची. शुगरची गोळी राहून जायची. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तुझा फोन चालतो, माझा जुना चालतो. ह्यांचाच दोनला बंद पडतो. जीव अडकलाय त्यांचा. ते उपाशी असतील अन् मी खाऊ?"

मी शिकलेला माणूस, म्हणून हसलो. दुसऱ्या दिवशी तिच्याशेजारी जाऊन बसलो. दोनला कीर्तनकाराचं उघडलेलं तोंड उघडंच राहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला. स्वतःची कारागिरी मी साफ विसरलो होतो. मीटिंग सकाळी सरकली होती, आणि दादा गेले तशा त्या ओळीही गेल्या, असंच कुठंतरी धरून चाललो होतो. आईसोबत मीही हात जोडले. खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी आठवलं तसा राउटरमध्ये शिरलो. हौसेनं पेनड्राइव्ह लावून मी त्याच्या सगळ्या नोंदी साठवायचो. त्या वर सरकवत गेलो. रोज दोनला तोडलं, रोज चारला जोडलं. दहाव्याच्या दिवशीही. फोन कपाटात बंद पडून होता तेव्हाही. महिनाभर राउटर नसलेल्या माणसाला झोपवत होता, आणि प्रत्येक नोंदीत माझीच टीप: 'दादांची झोप'. मी घाईनं लॅपटॉप मिटला, जसं काही आतून कुणी बघतंय.

ओळी गुपचूप खोडता आल्या असत्या. पण मग आईला वाटलं असतं, तिच्या उपासानं त्यांना शांती मिळाली, आणि तिनं उपास सोडलाच नसता. असा विचार करण्यात दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी तिला स्वयंपाकघरात चक्कर आली. तेव्हा सांगितलं. केबलवाल्यासकट सगळं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "शेवटच्या दिशी पण तूच?"

"हो."

"मंग काढ ते. माझ्यासमोर काढ."

लॅपटॉप तिच्यापुढं ठेवून मी दोन्ही ओळी खोडल्या. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी शेवटपर्यंत पडद्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती साडेबाराला जेवली, गोळी घेतली, कीर्तन लावलं. मी दारात उभा होतो. दोन वाजले. दोन वाजून पाच मिनिटं झाली. कीर्तन चालूच. आईनं फोन उचलला, उलटा करून पाहिला, परत खाली ठेवला.

"आता न्हाई येणार ते," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

मी चारपर्यंत दारातच होतो. कीर्तन एकदाही अडकलं नाही.