रंभाच्या घरचं अळणी

रुआबांधा वस्तीतल्या रंभाबाईंच्या चुलीवर आजही अळणी शिजतं. मीठ वाटीत वेगळं. ज्याला हवं त्याने घ्यावं. त्या स्वतः घेत नाहीत.

नवरा चिंधू भंडाऱ्याकडचा, इकडे हिंदी मुलखात पोलाद कारखान्यात भट्टीवर कामाला. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याचं हृदय थकलं. पाय सुजले. आडवा झाला की धाप लागायची, म्हणून पत्र्याच्या पेटीला टेकून बसल्या बसल्या झोपायचा. इस्पितळातून लघवीच्या गोळ्या मिळाल्या आणि मीठ बंद झालं. चिंधू दोन घास खाऊन ताट सरकवायचा.

पुढच्या खेपेला रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, "खून में नमक कम हो गया है. पानी कम पिलाना." वॉर्डात गर्दी होती. रंभाबाईंच्या कानात पहिलं वाक्य राहिलं.

संध्याकाळी चिंधूचा भट्टीवरचा जोडीदार बाबुलाल आला. डॉक्टरांचं म्हणणं ऐकून त्याला हसू आलं.

"वहिनी, भट्टीवर घेरी आली का आमाले काय देत होते? मिठाची गोळी! डॉक्टर आता बोलून राहिला, आमी तं कवाचे खाऊन राहिलो."

"पण त्यांनीच बंद केलं होतं ना भाऊजी?"

"तवा जास्त असन. आता कमी झालं म्हनते ना? मंग कावून भेता?"

गोळ्या त्यानेच आणून दिल्या. रंभाबाई त्या पाण्यात विरघळवून पाजू लागल्या. वरणातही मीठ पडलं. चिंधू ताट पुसून जेवला.

"रंभे, आज जेवल्यासारखं वाटून राहिलं."

आठवड्याच्या आत सूज मांड्यांवर चढली. श्वासात पाण्याचा आवाज येऊ लागला. घागर भरत आली की येतो तसा. इस्पितळात नेलं, तिथेच तो गेला.

काय काय दिलं, हे तिथल्या एका तरुण डॉक्टरने विचारलं. रंभाबाईंनी सगळं सांगितलं. त्याने आधीचा रक्ताचा रिपोर्ट पाहिला. मग म्हणाला, "नमक कम नहीं था, अम्मा. पानी ज़्यादा था, उसमें नमक फीका पड़ गया था." मिठाने शरीरात आणखी पाणी धरलं, हेही त्याने सांगितलं. दुखणं फार पुढे गेलं होतं, मीठ दिलं नसतं तरी कदाचित वाचला नसता, असंही तो म्हणाला. त्यातलं 'कदाचित' रंभाबाईंना पुरलं नाही.

बाबुलालला त्यांनी यातलं काही कळू दिलं नाही. तो दर दिवाळीला यायचा, वाटीतलं मीठ भाजीवर टाकायचा आणि हमखास म्हणायचा, "वहिनी, त्या गोळ्यांनं चिंधू शेवटी पोटभर जेवला, नाही?"

"हो भाऊजी," त्या म्हणायच्या.

बाबुलाल मागच्या उन्हाळ्यात वारला. आता ज्याच्यापासून लपवावं असं कोणी उरलेलं नाही. तरी सकाळी नळ आला की रंभाबाई घागर काठोकाठ भरू देत नाहीत. आवाज बदलायच्या आत ती बाजूला ओढतात.