मोटारीची कल्हई

माझ्या चुलत सासऱ्यांइतका थंड डोक्याचा माणूस ग्वाल्हेरात झाला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकते. असल्या माणसालाही संताप यावा, अशी गोष्ट मी स्वतः करून पाहिली आहे. मी त्यांच्या मोटारीला कल्हई केली. म्हणजे अख्ख्या मोटारीला नाही, तेवढी अक्कल होती. मोटारीच्या ज्या भागावर त्यांचा जीव होता नेमका त्यालाच केली, आणि तीही अशा दिवशी, की दुसऱ्या दिवशी त्या भागाच्या भरवशावर मोटार राहणार की मोडीत जाणार हे ठरायचं होतं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. जयेंद्रगंजातून लग्न होऊन दाणाओळीत आले होते, आणि तेवढ्या प्रवासात मला सगळं जग कळून चुकलं होतं.

त्यांना आम्ही सगळे काकाच म्हणायचो. मामंजींचे चुलत भाऊ, लग्न केलेलं नाही, खालच्या खोलीत राहणार आणि वर जेवायला येणार. आधी ते संस्थानच्या मोटारखान्यात होते. लढाईच्या दिवसांत त्यांना विमानतळावरच्या कारखान्यात उसनं दिलं होतं, तिथून ते विमानांच्या इंजिनांबद्दल बरंच काही डोक्यात भरून घेऊन आले. मग संस्थान विलीन झालं, मोटारखान्याला कुलूप लागलं, मोटारी लिलावात गेल्या आणि काकांना मध्यभारत सरकारनं एका कचेरीत बसवून सरकारी जीपगाड्यांच्या टायरांवर देखरेख करायला लावलं. काका रोज वेळेवर जाऊन टायर मोजायचे. फक्त मोटारखान्याचा खाकी कोट तेवढा सोडला नाही. पुढं कचेरीतल्या नव्या साहेबानं सांगितलं, कोटावर संस्थानची बटणं चालणार नाहीत. काकांनी मला बोलावून प्रत्येक बटणावर खाकी कापडाची टोपी शिवून घेतली. साहेब खूश झाला. घरी आले की काका एकेक टोपी काढून ठेवायचे आणि सकाळी कचेरीला निघताना परत घालायचे. लोक पायात जोडे घालतात, तसं ते बटणांना टोप्या घालायचे.

मोटार त्यांच्याकडे आली तीही त्याच धामधुमीत. एक सरदार जहागीर गेल्यावर पुण्याला राहायला निघाले. जाताना म्हणाले, ‘हिची बोली तुलाच कळते, तूच ठेव.’ लढाईआधी विलायतेहून आणलेली लांब नाकाची गाडी होती ती. आमची देवडी तिनं अशी भरून टाकली, की हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका कुंकवाची कोयरी डोक्यावर धरून आडव्या आडव्या आत यायच्या. सासूबाई तर म्हणायच्या, की या घरात आता जाड माणसाशी नातंच जोडता येणार नाही.

त्या गाडीत एक खास यंत्र होतं. साध्या मोटारीचं इंजिन आपल्या दमानं हवा ओढतं, हिच्यात एक पंखा हवा दाबून इंजिनात कोंबायचा. काकांना त्याचं इंग्रजी नाव ठाऊक होतं, पण घरातल्या बायकांशी बोलताना ते त्याला फुंकणी म्हणायचे. चूल पेटेना तर आपण फुंकतो, तसंच. आता एवढी फुंकणी असून गाडी सपाटीवर वाऱ्यासारखी पळायची आणि चढ आला की तिचा दम जायचा. कुणी आतून खिळे ठोकतंय असा खडखडाट व्हायचा आणि गाडी उभी. काकांनी कारण शोधून काढलं होतं, आणि ते सांगितल्याशिवाय त्यांनी कुणाला सोडलं नाही. सायकलचा पंप घ्यायचे, टोकाला अंगठा दाबून दहाबारा वेळा मारायचे आणि पंपाचं बूड समोरच्याच्या हातात द्यायचे. माझ्या नणंदेला बघायला पाहुणे आले, पोहे झाले, मुलाचे वडील देण्याघेण्यावर येणार एवढ्यात काकांनी त्यांच्या हातात तो पंप दिला.

‘चटका बसला?’

‘बसला तर.’

‘दाबलेली हवा तापते. तापलेली हवा फुगते. इंजिनाला वाटतं पोट भरलं, आणि असतं निम्मं रिकामं. शिवाय पेट्रोल वेळेआधीच भडकतं. आता सांगा, फुंकणी आणि इंजिन यांच्या मधे ती हवा थंड नको का करायला?’

मुलाचे वडील म्हणाले, करायला तर पाहिजे. देणंघेणं तिथंच राहिलं. लग्न झालं, आणि ते व्याही पुढं दरवेळी आधी काकांच्या खोलीत डोकावून मग वर यायचे.

हवा थंड करायचं जे साधन काकांनी बनवलं, त्याला ते सुरई म्हणायचे. सुरईत पाणी गार होतं तशी हिच्यात हवा गार होणार. विमानांच्या इंजिनांना असलं काही त्यांनी पाहिलं होतं, पण ग्वाल्हेरच्या बाजारात ते कोण विकणार? मग घरातून आणि लिलावांतून सामान जमायला लागलं. संस्थानचा बँड मोडला तेव्हा त्यातलं सगळ्यांत मोठं पितळी वाजं काकांनी उचलून आणलं, ते पोटाशी धरून वाजवायचं असतं ते. सासूबाईंना वाटलं आता हे वाजवणार. काकांनी करवतीनं त्याची वळणं कापून घेतली. म्हणाले, नळी न चेमटवता असं गोल वळवणं आपल्याच्यानं होत नाही, ते बँडवाल्याच्या कारागिरानं आधीच करून ठेवलंय. नळ्या एकमेकींना जोडायला रबर हवं होतं, म्हणून सासूबाईंची शेकायची पिशवी गेली. आणि एके दिवशी मला म्हणाले, ‘सूनबाई, तुझा लाडवांचा डबा रिकामा कधी होतो गं?’

तो डबा माझ्या रुखवतातला होता. जाड पितळेचा, अंगावर माझं माहेरचं नाव कोरलेला. मी म्हटलं, आहेत अजून आठवडाभराचे. काकांनी दोन दिवसांत ते सगळे लाडू स्वतः संपवले आणि डबा मधोमध कापला. एक अर्धं या टोकाला, एक त्या टोकाला आणि मधे तांब्याच्या बारीक नळ्यांची जुडी, सगळं कथलाच्या डाकेनं पक्कं जोडलेलं. एकीकडून तापलेली हवा शिरणार, नळ्यांना बाहेरून वारा लागणार, दुसरीकडून गार होऊन इंजिनात जाणार. ही सुरई गाडीच्या अगदी नाकाशी बसायची. जाळीतून वाकून पाहिलं तर माझं नाव दिसायचं, आणि दाणाओळीतली किती तरी पोरं वाकून पाहायची.

अशात मध्यभारत मोडून नवं राज्य झालं आणि राजधानी भोपाळला ठरली. कचेऱ्या एकामागून एक निघाल्या. दाणाओळीत ज्याच्या त्याच्या दारात बांधलेल्या वळकट्या. काकांचा बदलीचा हुकूम ऐन उन्हाळ्यात आला. मामंजी म्हणाले, ‘तू जाशील, मग हिला इथं कोण पुसणार? मी कबाड्याला सांगून ठेवलंय.’

काका म्हणाले, ‘दादा, मी हिच्यातूनच जाईन म्हणतो.’

‘ही भोपाळ गाठेल? किल्ल्याच्या चढावर दोनदा मूर्तींच्या पायाशी बसली, विसरलास का?’

‘आता बसणार नाही.’

‘मग उद्या चढव. भर उन्हात, पूर्ण ओझं घालून. चढली तर ने. मधे थांबली तर जिथं थांबेल तिथून कबाडी घेऊन जाईल.’ मामंजी बोलायचे ते करायचे. काकांनी मान हलवली, सुरईवर शेवटचा हात फिरवायला ती सोडवून परसात ठेवली आणि चार्ज द्यायला कचेरीत गेले.

आणि नेमका तेव्हा कल्हईवाला आला. मी घरातली पातेली काढली, वाट्या काढल्या आणि माझी नजर सुरईवर गेली. तांबं, पितळ, आत बोट घालून पाहिलं तर कल्हईचा मागमूस नाही. बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं, आमटी कळकते, मग रोज यातून जाणाऱ्या हवेचं काय होत असेल? गाडीचा दम जातो तो याच्यानंच, असं मला एकदम कळलं. लढाईच्या कारखान्यातून आलेल्या माणसाला एवढी साधी गोष्ट सुचू नये, याची मला थोडी दयाच आली.

कल्हईवाल्यानं सुरई उलटीपालटी करून पाहिली. ‘बाई, ये कौन सा बर्तन है?’

‘हवा का बर्तन है. अंदर से भी करना.’

‘हवा भी कसैली होती है क्या?’

‘तुम करो ना, भैया.’

त्यानं केली. भाता मारला, निखारे लाल झाले, नवसागराचा धूर उठला, आतून चांदीसारखी चकाकी आली आणि मी कौतुकानं बघतेय तोवर त्या विस्तवावर काकांची डाक वितळली. आधी एक नळी घसरली, मग मुळ्यांची जुडी सुटावी तशा सगळ्याच. माझ्या डब्याची दोन अर्धी परत दोन अर्धी झाली. कल्हईवाला म्हणाला, ‘मैंने तो पूछा था.’

काका आले तेव्हा मी नळ्या पदरात गोळा करून बसले होते. काय केलं ते सांगितलं, हवा कळकते तेसुद्धा सांगितलं. काकांनी एक नळी उचलली, डोळ्याला लावली आणि तिच्यातून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, ‘आतून छान झालीय.’ मग कोट काढून खुंटीला लावला आणि कल्हईवाल्याला म्हणाले, ‘भट्टी मत बुझाना.’

दिवेलागणीपर्यंत आम्ही तिघं तिथंच होतो. कल्हईवाला भाता मारत होता, काका डाक लावत होते आणि मला काम दिलं होतं प्रत्येक नळीतून तारेला चिंधी बांधून ओढायचं, मग फुंकून पाहायचं. कथलाचा एक दाणा जरी आत राहिला तर तो इंजिनाच्या पोटात जाणार आणि इंजिन संपणार. मी इतकी फुंकले, की रात्री जेवताना गाल दुखून घास चाववेना. मामंजी देवळातून आले आणि हा पसारा पाहून उभे राहिले. ‘हे काय?’

माझे हात थांबले. काका वर न बघता म्हणाले, ‘डाक कच्ची राहिली होती, दादा. पक्की करतोय.’

‘वाटलंच मला,’ मामंजी म्हणाले, आणि जेवताना तेच दोनदा परत म्हणाले. खरं काय ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दाल बाजारातून उसनी आणलेली डाळीची पोती मागे घातली. त्यांच्यावर कबाडी बसला, शेजारी मामंजी. काका म्हणाले, ‘सूनबाई पुढे बसेल. डबा तिचा आहे.’ सासऱ्याच्या पुढे सून, तीही मोटारीत! ओळीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. मी पदर नाकापर्यंत ओढून घेतला, त्यामुळे किल्ल्याचा अर्धा रस्ता मला दिसलाच नाही. उरवाई दरवाजातून आत शिरलो, चढ लागला. कातळात कोरलेल्या त्या भल्या मोठ्या मूर्ती आल्या, जिथं गाडी दोनदा बसली होती. काकांनी पाय दाबला. मी खिळ्यांच्या आवाजाची वाट पाहत कान टवकारून बसले. खिळे नाहीत. नाकाकडून नुसता एक बारीक घुमणारा सूर येत होता. त्या बँडच्या वाज्याचीच वळणं होती ती, सवय थोडीच जाते. मूर्ती मागे पडल्या. कबाडी म्हणाला, ‘बाबूजी, ये अब नहीं रुकेगी. मुझे यहीं उतार दो, धूप में वापस कौन आएगा.’

वर पोचल्यावर काकांनी झाकण उघडलं आणि माझा हात धरून सुरईच्या अलीकडच्या नळीवर टेकवला. तव्यासारखी. मग पलीकडच्या नळीवर. हात ठेवावा इतकीच ऊबदार. मामंजी जरा वेळ लांब उभे होते. मग आले, पलीकडच्या नळीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. म्हणाले, ‘पोचलास की पत्र टाक.’

काका गाडीतूनच भोपाळला गेले. पत्र आलं. देवडी एकदम इतकी रुंद झाली, की कितीतरी दिवस आम्ही उगाचच आडवे आडवे ये-जा करत होतो.

पुढं बऱ्याच वर्षांनी मी भोपाळला त्यांच्याकडे गेले. पेन्शन झाली होती, खोली लहान, दाराबाहेर मोटार नव्हती. फुंकणीच्या चाकाचे दात झिजले आणि तसे दुसरे कुठं मिळाले नाहीत, असं म्हणाले. खाकी कोट खुंटीला होता, बटणं उघडी. चहाला साखर काढायला मी फळीकडे हात नेला, तर तिथं डब्यांच्या ओळीत घासून लख्ख केलेली सुरई, माझं नाव बाहेरच्या बाजूला. मी विचारलं, ‘काका, गाडी गेली, मग ही कशाला ठेवलीत?’

त्यांनी ती खाली घेतली, एका नळीतून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘कल्हई केलेलं भांडं कुणी मोडीत घालतं का, सूनबाई?’