डोळ्यांच्या साथीत बदललेला प्रवास: बोरिवली ते मुलुंड, आरेमार्गे

परळच्या एसटी डेपोत तिकीट रद्द करण्याची खिडकी सकाळी आठला उघडते. मी सात दहाला रांगेत होतो, पुढे सहा जण. हातात कणकवलीची चार तिकिटं आणि खिशात गावाहून आलेलं पत्र. पत्रात सरळ लिहिलं होतं: मुंबईत डोळ्यांची साथ फार आहे, सबब मुंबईकर मंडळींनी या मे महिन्यात गावात येऊ नये; आल्यास वेशीवरच्या शाळेत आठ दिवस राहावं लागेल, देवळात पाऊल टाकता येणार नाही. ज्या गावाची विहीर खणायला माझ्या बापाने मुंबईहून मनिऑर्डरी पाठवल्या, ते गाव मला वेशीवर थांबवणार! 

जाणं गरजेचं होतं ते माझ्या भाच्यासाठी. मुलुंडला राहणारी माझी धाकटी बहीण कुसुम, तिचा एकुलता एक विजय. वडील नाहीत. पोरगा वेल्डर, हात झकास. दोन वर्षं एजंटाच्या दारात चपला झिजवल्यावर त्याला आखातातली नोकरी लागली होती आणि विमान रविवारी होतं. त्याआधी त्याला गावच्या देवीसमोर उभा करून गाऱ्हाणं घालायचं, हा कुसुमचा शब्द. गाऱ्हाणं म्हणजे जाणत्या माणसाने देवीपुढे आपलं मागणं मोठ्याने मांडायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणायचं.

मी सातवीतून शाळा सोडून गिरणीत लागलेला माणूस. ड्रॉइंग वाचायला स्वतः शिकलो आणि आज अंधेरीच्या कारखान्यात टूलरूममध्ये आहे. नकाशा, वेळापत्रक, प्रथमोपचार, सगळं पुस्तकं वाचून. प्रवास रद्द करणं हा शब्द माझ्याकडे नाही. मी प्रवास बदलला. मुलुंडला आमच्या गाववाल्यांच्या मंडळाची खोली आहे, तिथे देवीची तसबीर आहे आणि बापू नावाचे जुने मानकरी तिथेच राहतात. गाऱ्हाणं तिथे घालायचं, आणि वाटेत पोराला आपली उपनगरं डोळे भरून दाखवायची. शुक्रवारी कान्हेरी, शनिवारी आरे आणि पवईवरून मुलुंड, रविवारी सहारचा विमानतळ. ग्राफपेपरवर तक्ता काढला: थांबा, वेळ, खाणं, आणि शेवटचा रकाना 'थेंब'.

थेंबाचं सांगतो. साथ कशी पसरते याबद्दल लोकांच्या डोक्यात भलतंच होतं. नजरेला नजर भिडली की डोळे येतात म्हणे! गोरेगावच्या पुलावर पाच-पाच रुपयांना काळे गॉगल खपत होते, माणसं एकमेकांशी जमिनीकडे बघून बोलत होती. मी हसायचो. मी गुलाबपाणी उकळून, त्यात तुरटीचा खडा फिरवून, फडक्यातून दोनदा गाळून बाटली भरली. काचेचा ड्रॉपर नवा आणला. दर दोन तासांनी प्रत्येकी दोन थेंब. आधी मी, मग विजय, मग कुसुम, शेवटी माझी बायको सुशीला.

शुक्रवारी पहाटे आम्ही चौघं बोरिवलीच्या आमच्या खोलीतून निघायच्या तयारीत होतो. कुसुम आणि विजय आदल्या दिवशीच मुक्कामाला आले होते. मी पहिले थेंब घातले तेव्हा सुशीला माझ्या तोंडासमोर येऊन उभी राहिली.

"अहो, तुमचा उजवा डोळा लाल दिसतोय. आज थेंब राहू द्या."

"ग्राइंडरची धूळ आहे. काल दिवसभर मशीनवर होतो."

"मग मला नकोत. मी माझं पाण्याने धुते."

"नको तर नको," मी म्हणालो आणि वहीत नोंद केली. नोंद ठेवायची माझी सवय आहे: वेळ ६.१०, उजवा डोळा खुपतो, कारण धूळ.

कान्हेरीला जाणाऱ्यांसाठी सांगतो. नॅशनल पार्कच्या फाटकापासून गुंफांपर्यंत सहा-सात किलोमीटर भरतात. मेमध्ये चालत जायचं तर साडेसहाला फाटकात हवं. आम्ही सव्वाआठला पायऱ्यांशी होतो. वाटेत आदिवासी बाया पानाच्या द्रोणात करवंदं विकतात, ती येतानाच घ्या, जाताना नको, तहान लागते. पाणी घरून न्या. आमच्याबरोबर घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ आणि आठ हापूस होते. तिसऱ्या गुंफेतल्या उंच बुद्धमूर्तीपुढे विजय बराच वेळ उभा राहिला. दगडात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांपाशी घाटकोपरहून आलेलं एक बौद्ध कुटुंब होतं. बाप लेकीला सांगत होता, "बघ गं, हजार-दीड हजार वर्षं पाणी साठतंय. आपला पिंप संध्याकाळपर्यंत पुरत नाही."

"बाबा, इथे आई भांडी घासत नाही ना," पोरगी म्हणाली. सगळे हसलो.

आठ, दहा, बारा, दोन. चारही वेळा थेंब वेळेवर. विजय डोकं मागे करून बसायचा, मी बोटाने पापणी उघडायचो. "मामा, तिकडे वाळवंटात मला कोण थेंब घालणार?" तो म्हणाला. मला अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू?

शनिवारी सकाळी हायवेवरून गोरेगाव आणि तिथून आरे कॉलनीची बस. हा प्रवास मी कुणालाही सांगेन. मुंबईत आहोत हे दहा मिनिटांत विसरायला होतं: दोन्ही बाजूंना झाडी, मध्येच म्हशींचे गोठे, त्यांना तिथे युनिट म्हणतात, आणि शेणाचा, ओल्या गवताचा वास. छोटा काश्मीरच्या तळ्यापाशी उतरलो. थंड सुगंधी दुधाची बाटली दीड रुपया, रिकामी परत करायची. कुसुम बाटली गालाला लावून म्हणाली, "दादा, गावाक गेलो नाय तां बरां झाला. हय सावली तरी हा."

बाराच्या सुमारास विजयने गॉगल काढला. "मामा, डोळ्यात वाळू गेल्यासारखं वाटतंय."

मी खालची पापणी ओढून बघितलं. पांढरा भाग उरलाच नव्हता. टोमॅटो चिरल्यासारखा डोळा. दुसराही त्याच वाटेवर. विमानाला पुरता दीड दिवसही नव्हता.

कुसुमने आधी त्याच्याकडे बघितलं, मग सुशीलाकडे.

"वहिनी, तू गुरुवारी शेजारच्या आजारी बाईकडे गेली होतीस ना?"

"गेले होते. पेज द्यायला. दारातूनच दिली."

"तिचे डोळे आलेले आहेत!"

"हो गं, पण मी आत..."

"पेज द्यायला! माझं पोर रविवारी चाललंय हे ठाऊक होतं ना तुला? दोन वर्षं मी देवीसमोर पदर पसरलाय. तुझं स्वतःचं पोर असतं तर गेली असतीस का?"

आम्हाला मूल नाही. सुशीलाने बाटल्या उचलल्या आणि परत करायला निघून गेली. मीही तिच्यावरच डाफरलो: "सांगायचं तरी!" पवईच्या वाटेवर बसमध्ये ती पुढच्या सीटवर एकटी बसली. तलाव लागला, कुणी मान वर केली नाही. विजय रुमाल दाबून बसला होता आणि कुसुमही आता डोळे चोळत होती.

मुलुंडला स्टेशनबाहेरच्या गल्लीत एक डॉक्टरीणबाई बसायच्या. दवाखान्यात चाळीसेक माणसं, सगळी काळ्या गॉगलची. मी विजयला घेऊन आत गेलो. बाईंनी बॅटरी मारून बघितलं.

"घरात आणखी कुणाला?"

"आईला सुरू झालंय. मला थोडं, पण ती धूळ आहे. माझ्या बायकोला काही नाही."

"औषध काय घातलंत?"

मी तक्ता काढून टेबलावर उलगडला. म्हटलं, बाई खूश होतील. त्यांनी रकान्यावर बोट ठेवलं.

"हे थेंब तिघांना? आणि बायकोला?"

"तिने नको म्हटलं."

"ड्रॉपर एकच?"

"नवा. उकळून घेतलेला."

"रोज उकळलात?"

मी तक्त्याकडे बघितलं; उकळण्याचा रकाना त्यात नव्हता.

"टोक पापणीला लागत होतं?"

"थोडंफार लागतंच."

"आधी कुणाला घालत होतात?"

"आधी मला," मी म्हणालो आणि ते शब्द माझ्याच कानांवर परक्यासारखे पडले. बाईंनी माझी हनुवटी धरून बॅटरी माझ्या डोळ्यात मारली.

"ही धूळ नाही. तुमच्या कारखान्यात साथ आहे?"

अर्धं टूलरूम रजेवर होतं.

"म्हणजे दर दोन तासांनी तुम्ही तुमचे डोळे ह्याच्या डोळ्यात घालत होतात," बाई शांतपणे म्हणाल्या. "आठ दिवस लागतील. पुढचा पेशंट पाठवा."

विजय कोपऱ्यातल्या नळावर तोंड धूत होता. त्याने ऐकलं की नाही, मला कळलं नाही. बाहेर कुसुमने विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हणालो, "साथच आहे." एवढंच. माझ्या आयुष्यात मी इतकं अपुरं उत्तर कधी दिलं नव्हतं.

संध्याकाळी मंडळाच्या खोलीत देवीच्या तसबिरीपुढे नारळ ठेवला. बापूंनी आमचे डोळे बघून आम्हाला उंबऱ्याबाहेर उभं केलं आणि स्वतः आत हात जोडले.

"बा देवी माउली म्हाराजा! आज तुझा लेकरू परदेशाक चल्ला हा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तेची वाट मोकळी कर म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि ज्या कोणाच्या हातान ह्या संकट इला असात, तेका तूच बुद्धी दी म्हाराजा!"

कुसुम सगळ्यांत मोठ्याने 'होय म्हाराजा' म्हणाली, सुशीलाकडे बघत. सुशीलाही हळू आवाजात म्हणाली. 

रविवारी सहारला आम्ही चार तास आधी पोचलो. मुलुंडहून टॅक्सी करा, सामान असेल तर रिक्षाचा नाद नको. काउंटरवरच्या माणसाने विजयला गॉगल काढायला लावला, एक पाऊल मागे सरला आणि पासपोर्ट टेबलावरून बोटाच्या टोकाने परत ढकलला. एजंट धावत आला.

"अरे यार, वाट लावलीस! माझी वीस माणसांची बॅच आहे."

"पुढच्या बॅचला घ्या ना साहेब," कुसुम म्हणाली.

"पुढची कधी, मलाच ठाऊक नाही. तिकडे आठ दिवस कोण थांबतं, ताई? दुसरा वेल्डर जाईल."

काचेपलीकडे बाकीचे एकोणीस जण आत जाताना दिसले. विजयने त्यांच्यातल्या एकाला हात केला. कुसुम बॅगेवर बसली ती उठेचना. बॅगेवर मीच पांढऱ्या रंगाने त्याचं नाव आणि तिकडचा पत्ता रेखला होता, अक्षरं पट्टीने आखून.

बोरिवलीला परतल्यावर दोन दिवस मी कामावर गेलो नाही. तिसऱ्या दिवशी सुशीलाला डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला आरेतच कळलं होतं. थेंब न घेतलेली मी एकटीच नव्हते का?"

"मग कुसुम एवढं बोलली तेव्हा बोलली का नाहीस?"

"पोराच्या देखत तुम्हाला खाली बघायला लावू? तो तुमच्यासारखं व्हायचं म्हणतो. सांगायचं तर तुम्ही सांगा."

पुढच्या रविवारी मी एकटाच मुलुंडला गेलो. विजय आणि कुसुम, दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं: कारखाना, ड्रॉपर, क्रम, आणि दवाखान्याबाहेर दडवलेलं. कुसुम मला शिव्या घालेल असं वाटलं होतं.  विजय उठून गॅलरीत गेला. मग कुसुमने एकच विचारलं, "वहिनीक ठाऊक होता?"

"हो."

"आणि तिणां माझा सगळा ऐकान घेतला?"

तिने चपला घातल्या. गाडीत, रिक्षात, जिन्यावर ती माझ्या दोन पावलं पुढेच होती. आमच्या खोलीच्या दारात सुशीला दिसताच ती वाकली, पायांपर्यंत पोचायच्या आत सुशीलाने तिला दंडाला धरून उभं केलं.

"आधी हात धू. साबण मोरीत आहे. आणि तुझा टॉवेल वेगळा काढलाय, तोच घे."

कुसुम हात धूत रडली आणि टॉवेल डोळ्यांना न लावता रडली, एवढं त्या आठवड्यात आम्ही सगळेच शिकलो होतो. जेवायला बांगड्याचं तिखलं होतं. दोघी माझ्याशी बोलल्या नाहीत, एकमेकींशी बोलल्या.

प्रवासाचं विचाराल तर वाटा सगळ्या चांगल्या आहेत. कान्हेरी सकाळी लवकर, आरे कुठल्याही वारी, पवईला बसमधून डाव्या खिडकीशी बसा. पण साथ असेल तर जाऊ नका. बदलूही नका, रद्दच करा. गावाच्या त्या पत्राचा मला किती राग आला होता! ती चार तिकिटं रद्द केली नसती तर मी देवळाच्या ओसरीवर बसून, बाटली उघडून, सबंध गावाला रांगेने डोकं मागे करायला सांगितलं असतं. आणि त्यांनी केलं असतं, कारण मुंबईहून आलेला शिकलेला माणूस सांगतोय.

विजय अजून मुलुंडलाच आहे. एजंटाकडे दर सोमवारी जातो. कधीकधी मीही बरोबर जातो आणि बाहेर उभा राहतो.