मनगटावरची टकटक

गाणं बंद पडलं तेव्हा चौदा बायकांचा उजवा पाय पाण्याबाहेर होता.

आता तो खाली घ्यायचा की तसाच धरायचा, हे गाण्यावाचून कुणाला ठरवता येईना. काठावरचा स्पीकर मुका. छताच्या लोखंडी पट्ट्यांखाली नुसता पाण्याचा चुबुकचुबुक आवाज. मग एकीचा तोल गेला, तिने शेजारणीला धरलं, शेजारणीने पुढचीला, आणि बघता बघता सगळी रांग ओल्या पत्त्यांसारखी आडवी झाली. हसण्याने तलाव दणाणून गेला. हसल्या नाहीत त्या फक्त शिट्टीबाई.

शिट्टीबाई म्हणजे या तलावावरच्या पोहण्याच्या बाई. तोंडावर सगळ्या 'बाई' म्हणत, पाठीमागे 'शिट्टी'. गळ्यात कायम शिट्टी असे आणि ती त्या क्वचितच वाजवत, कारण त्यांचा आवाजच पुरेसा होता. वय एकसष्ट. छातीभर पाण्यात मधोमध उभ्या राहत आणि सगळ्या वर्गाने त्यांच्या हाताकडे बघून हात हलवायचा, अशी शिकवण्याची पद्धत. शनिवारी तलावाला चाळीस वर्षं पूर्ण होणार होती. त्या दिवशी सकाळी साडेनऊला या बायका सगळ्या गावासमोर गाण्यावर पाण्यातल्या कवायती करणार होत्या. अकरा मिनिटं. सगळ्या पंचावन्नच्या पुढच्या, दोघींचे गुडघे बदललेले, आणि एकीला तर आजवर नवऱ्यासमोरही नाचायचं धाडस झालेलं नाही. आज सोमवार. आणि गाणं आठवड्याभरात तिसऱ्यांदा बंद पडलं होतं.

दोष आधी फोनला दिला, मग स्पीकरला, मग तलावाच्या विजेला. खरं काय ते पोस्टमास्तरांनी शोधलं. या पोस्टमास्तर म्हणजे टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या एक उंच, संशयी बाई. छत्तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं न उघडता त्यांत काय असेल ते ओळखलं, असं त्या स्वतःच सांगत. गेले दोन दिवस त्या पाय हलवायच्या सोडून नुसत्या बघत होत्या. मग म्हणाल्या, बाईंचा डावा हात पाण्याबाहेर आला, की लगेच गाणं थांबतं. दर वेळी.

सगळ्यांनी त्या डाव्या हाताकडे पाहिलं. त्यावर घड्याळ होतं. काळं, चौकोनी, फोनशी जोडलेलं. शिट्टीबाईंनी हात वर धरला आणि पुन्हा गाणं लावायला सांगितलं. गाणं सुरू होताच घड्याळावरचा काळजाच्या ठोक्यांचा आकडा पुसला गेला आणि त्या जागी गाण्याचं नाव आलं, खाली थांबवायचं आणि पुढे ढकलायचं बटण. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. एक थेंब केसांतून निसटला, नेमका त्या बटणावर पडला, आणि गाणं थांबलं.

"काढून ठेवा ना ते," कापूस म्हणाली. ही अंगाने इतकी हलकी की पहिल्याच दिवशी न शिकवता तरंगली, म्हणून कापूस.

काढता येत नव्हतं, हेच तर दुखणं होतं.

शिट्टीबाई पाण्यात आल्या त्या उशिरा. त्याआधी अकरा वर्षं याच तलावाच्या तिकीटखिडकीत बसत. समोर काच, काचेला खाली अर्धगोल भोक, आणि दिवसभर काचेवर नाण्याची टकटक. पलीकडे निळं पाणी. नवरा गेल्यावर मिळालेली नोकरी, मुलगी लहान, आणि त्यांना पाण्याची एवढी भीती की फरशी धुवायचा दिवस आला तरी त्या खुर्चीवर पाय घेऊन बसत. अडतिसाव्या वर्षी एका दुपारी, तलाव रिकामा असताना, त्या साडीसकट पहिल्या पायरीवर उतरल्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या. सातवी पायरी गाठायला दोन महिने लागले. त्यानंतर मात्र त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, आणि पुढच्या तेवीस वर्षांत गावातल्या निम्म्या लोकांना तरंगायला शिकवलं.

गेल्या वर्षी कपडे बदलायच्या खोलीत त्यांचं काळीज अचानक उधळलं. दवाखाना, एक छोटी शस्त्रक्रिया, आणि डॉक्टरांचा सल्ला असा की खुशाल पोहा, फक्त ठोके एकशेतीसच्या पुढे गेले तर थांबा, आडव्या व्हा, खाली येऊ द्या. मुलगी दोन तासांच्या अंतरावरच्या गावात रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. तिचा डॉक्टरांवर विश्वास बसला, आईवर नाही. तिने हे घड्याळ आणून हातावर बांधलं, त्यातले आकडे आपल्या फोनवर दिसतील अशी सोय केली आणि अट घातली: घड्याळ हातावर असेल तरच पाण्यात उतरायचं, नाहीतर काठावर खुर्ची टाकून शिकवायचं.

काठावरची खुर्ची म्हणजे पुन्हा ती तिकीटखिडकी, काच नाही एवढंच.

दुसऱ्या कुणाचा फोन गाण्यासाठी लावावा, तर तलावाच्या नियमाप्रमाणे वर्गाच्या वेळी फोन आत आणायची परवानगी फक्त शिकवणाऱ्याला. मंगळवारी शिट्टीबाईंच्या जावयांनी फोनवरून तोड सांगितली. घड्याळात थेंबाचं एक चित्र आहे, ते दाबलं की काच कुलूपबंद होते, मग वर धबधबा पडला तरी ती दाद देत नाही. खरंच तसं झालं. गाणं पूर्ण वाजलं. बायकांनी पाण्यावर थापा मारून जल्लोष केला.

तो आनंद बुधवारपर्यंत टिकला.

बुधवारी मनगट थरथरू लागलं. पाण्याखाली घड्याळाचा फोनशी संबंध तुटायचा आणि मुलीला आकडे दिसेनासे व्हायचे. हात वर आला की तुंबलेलं सगळं एकदम यायचं. थर्र, थर्र, थर्र. ठोके वाढले तरी तसंच थरथरायचं. आता हे काळीज की आणखी काय, हे कळावं कसं? काच कुलूपबंद, आकड्याच्या जागी गाण्याचं नाव. कुलूप काढायचं तर हात कोरडा हवा. शिट्टीबाई शिडी चढून वर आल्या, टॉवेलला हात पुसले, पाहिलं: 'ठोके किती?' मुलीचा निरोप. उत्तर टाकून त्या खाली उतरल्या. पुन्हा थर्र, पुन्हा शिडी: गाद्यांवर निम्मी सूट. पुन्हा शिडी: 'आई, ठोके?' चौथ्यांदा वर आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती, आणि पाण्यात चौदाजणी काकडून उभ्या होत्या.

"बाई," पोस्टमास्तर खालून म्हणाल्या, "तुम्ही आम्हांला पोहायला शिकवताय की शिडी चढायला?"

गुरुवारी दुपारी त्याच पोस्टमास्तर शिट्टीबाईंच्या घरी येऊन जेवणाच्या टेबलापाशी बसल्या. समोर फोन, शेजारी घड्याळ, दोघींचे चष्मे नाकावर. फोनच्या पोटात शिरून त्यांनी ती यादी काढली, ज्यात कुणाकुणाला मनगट हलवायची मुभा आहे ते लिहिलेलं असतं. एकोणसत्तर नावं निघाली. शिट्टीबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पोस्टमास्तरांचे डोळे मात्र चमकले. किती वर्षांनी त्यांच्यापुढे छाननीला टपाल आलं होतं.

त्या एकेक नाव पत्त्यासारखं खणखणीत वाचत आणि शिट्टीबाई निकाल देत. गादीवाला? बंद. हवामान? खिडकीतून दिसतं, बंद. पावलं मोजणारा? पाण्यात कसली पावलं, बंद. माहेरच्यांचा गट? शिट्टीबाई जराशा घुटमळल्या. रोज पहाटे सहा फुलं आणि एक सुविचार. बंद. दर बटणासरशी दोघींना उत्साह चढत गेला, माळा साफ करताना चढतो तसा. शिट्टीबाई तर उभ्याच राहिल्या. इतकी माणसं आपल्या हाडावर टकटक करत होती आणि आपण दर वेळी उठून दार उघडत होतो, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना हसूही आलं, रागही आला.

गाण्याची ती आगाऊ खिडकी मात्र यादीत सापडेना. पाऊण तास गेला. अखेर पोस्टमास्तरांना ती एका भलत्याच कप्प्यात मिळाली. 'माध्यमं आपोआप दाखवा' असं साळसूदपणे लिहिलेलं, शेजारी हिरवं बटण. शिट्टीबाईंनी ते दाबलं. मग गाणं लावून पाहिलं. गाणं चालू, आणि घड्याळावर ठोक्यांचा आकडा जागच्या जागी: त्र्याऐंशी. पोस्टमास्तरांनी टेबलावर असा हात आपटला की चष्मा खाली पडला. वाजत्या गाण्यात फोन येऊन घोळ होऊ नये म्हणून नऊ ते दहा कुणाचाही फोन वाजणार नाही, अशीही सोय त्यांनी करून टाकली.

यादीत दोनच नावं उरली. ठोक्यांची सूचना, ती ठेवली. आणि मुलगी.

"ही?" पोस्टमास्तरांनी हळू विचारलं.

शिट्टीबाईंनी स्वतःच्या बोटाने ते बटण बंद केलं आणि उठून उगीचच नळ बंद आहे का ते पाहून आल्या.

शुक्रवारी अकराच्या अकरा मिनिटं निर्वेध पार पडली. गाणं थांबलं नाही, मनगट हललं नाही, चौदा पाय एकदम वर गेले आणि एकदम खाली आले. वर्ग सुटल्यावरही बायका निघेनात, कपडे बदलायच्या खोलीत ओल्या केसांनी गाणं गुणगुणत बसल्या. शिट्टीबाई त्या भरात, फोन न बघताच, दुपारी घरी आल्या, तर मुलगी दारात. तिने पाच निरोप पाठवले होते, सात फोन केले होते, आणि मग रजा टाकून मिळेल ती गाडी पकडली होती. चेहरा पांढरा पडलेला.

आधी ती रडली, मग चिडली. म्हणाली, हे असंच होणार होतं, उद्यापासून खुर्ची. आई काठावरही छान शिकवेल. मग तिने आपला फोन पुढे केला. त्यावर ठोक्यांची वाकडीतिकडी रेघ होती. "हे बघ बुधवारचं. चार वेळा एकशेवीसच्या वर. आणि म्हणे मी काळजी करू नको."

शिट्टीबाईंनी चष्मा लावला. "किती वाजता गेले?"

मुलीने वेळा वाचल्या. नऊ बारा, नऊ सव्वीस, नऊ एक्केचाळीस, नऊ पन्नास. शिट्टीबाईंनी आपल्या फोनवरचे बुधवारचे निरोप काढले आणि फोन तिच्या हातात दिला. नऊ अकरा, 'ठोके किती?' नऊ पंचवीस, गाद्या. नऊ चाळीस, 'आई, ठोके?' नऊ एकोणपन्नास, 'उत्तर दे.'

मुलीचं आयुष्य दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्यात गेलेलं. तिने पुन्हा पाहिलं. मग आजची, शुक्रवारची रेघ काढली. ती एकदाही एकशेदहाच्या वर गेली नव्हती.

"म्हणजे मीच?"

"तू तीनदा," शिट्टीबाई म्हणाल्या. "एकदा गादीवाला."

मुलीला हसायचं नव्हतं. तिने ओठ घट्ट मिटले, पण नाकपुड्यांनी दगा दिला. तरीही ती एकदम विरघळली नाही, हाडाची प्रयोगशाळेतली. म्हणाली, एका दिवसाच्या रेघेवर मी काही ठरवत नाही. उद्या काठावर बसून बघते, मग खुर्ची की पाणी ते बोलू.

शनिवारी काठ माणसांनी फुलला. नातवंडं, सुना, जावई, कोट घातलेले पालिकेचे दोन अधिकारी. आणि पहिल्या रांगेत हातात फोन धरून बसलेली मुलगी. बायकांनी निळ्या टोप्या घातल्या होत्या. शिट्टीबाई मधोमध उभ्या राहिल्या, डावा हात वर केला, गाणं सुरू झालं. घड्याळावर आकडा दिसत होता: एकशेचार. एवढी माणसं बघून काळीज थोडं पळणारच. पहिलं वर्तुळ झालं. दुसरं झालं. पाय वर गेले तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि ज्या बाईने नवऱ्यासमोर कधी नाच केला नव्हता तिने त्याच्याकडे बघून पाण्याचा असा एक फटकारा मारला की त्याचा शर्ट भिजला. आनंदाने शिट्टीबाईंच्या छातीत काहीतरी उसळलं.

सातव्या मिनिटाला मनगट थरथरलं.

आता तिथे टकटक करायचा हक्क एकालाच उरला होता. त्यांनी आकडा पाहिला: एकशेबत्तीस. मुलीच्या फोनवरही तो गेला असणार. तिकडे न बघता त्यांनी उजव्या हाताने वर्गाला खूण केली: चालू ठेवा. पोस्टमास्तरांनी मान हलवली आणि मोजणी आपल्या तोंडी घेतली. शिट्टीबाई वर्तुळाच्या मध्ये सावकाश मागे झुकल्या, कान पाण्यात बुडू दिले आणि पाठीवर आडव्या झाल्या. डावा हात छातीवर. गाणं दूर गेलं, जणू शेजारच्या घरात वाजतंय. वर छताच्या पट्ट्या. त्यांच्यावर पाण्याचा उजेड पालीसारखा सरपटत होता. भोवती चौदा निळ्या टोप्या फिरत होत्या. नजरेच्या कडेला मुलगी उठून उभी राहिलेली दिसली, हातातला फोन छातीशी आवळलेला. ती ओरडेल, असं वाटलं. ओरडली नाही. अंगठा फोनवर टेकलाही नाही.

एकशेवीस. एकशे अकरा. अठ्ठ्याण्णव.

शिट्टीबाई कुशीवर वळल्या, तळाला पाय लावले आणि शेवटच्या वर्तुळात आपल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. अकरावं मिनिट संपलं तेव्हा टाळ्यांनी छत खाली येतं की काय असं झालं. पालिकेचे अधिकारी म्हणाले, मधली ती तरंगण्याची कल्पना फार सुंदर होती.

मुलगी टॉवेल घेऊन शिडीपाशी आली. तिने आईचे खांदे पुसले.

"एकशेबत्तीस," ती म्हणाली.

"हो. मग आडवी झाले."

"दिसलं मला." तिने टॉवेल आईच्या डोक्यावर टाकला आणि खसाखसा केस पुसायला घेतले, जरा जास्तच जोराने. थोड्या वेळाने विचारलं, "सोमवारी पाण्यात किती वाजता उतरणार?"

"नऊला."

"मग मी दहाला फोन करते."

"सव्वादहाला कर," टॉवेलच्या आतून शिट्टीबाई म्हणाल्या. "केस वाळायला वेळ लागतो."