यादीत नाही, पण चालतं

कॉम्प्युटरच्या ऑफिसात किस्से कसले, असं लोक विचारतात. आमच्याकडे कामापेक्षा किस्सेच जास्त साचले आहेत.

आमचं ऑफिस अमरावतीत, माणसं तीन. वरूडच्या संत्रा पॅकिंगवाल्यांसाठी वजन आणि ट्रकच्या पावत्यांचा प्रोग्राम आम्ही सांभाळायचो. काम पुण्याच्या कंपनीचं. त्या वर्षांत पाण्याअभावी बागा तुटत होत्या, तरी पावत्या निघत होत्या. ऑफिस ह्यांनी काढलेलं. हे गेल्यावर "बंद करा" सांगणारे पुष्कळ भेटले. मी बंद केलं नाही.

*

प्रोग्रामला दुसऱ्यांनी लिहिलेले कोडचे तयार तुकडे लागतात, त्यांना लायब्ररी म्हणतात. मशीनवर कोणत्या टाकायच्या, त्यांची यादी सोबत द्यावी लागते. यादी आणि कोड जुळतात का, हे बघणं माझं काम.

सलीमभाई तेल्हाऱ्याचे. यादीत भर घालायची त्यांना फार हौस.

"ही कोडमध्ये कुठं वापरली आहे?" मी विचारलं.

"आजून नाही वहिनी. पण उद्या मन झालं तं?"

*

वैशालीचं उलटं. नांदगाव खंडेश्वरची, घरचा भाजीचा मळा. तण दिसलं की उपटायचं, ही सवय. तिनं एका दुपारी चार लायब्ररी काढून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी वरूडहून फोन. "बाई, ट्रक भरून उभा हाय, पावती निंगत नाही."

पावती छापताना प्रोग्राम त्यातल्या एकीला बोलवायचा, पण कोडमध्ये तिचं नाव कुठंच नव्हतं.

"नाव न घेता हाक मारते थो," वैशाली चिडली. "मले कसं समजन?"

सलीमभाई म्हणाले, "माई बायको तीस वर्षं तशीच मारते. मले समजते."

*

त्या ट्रकची तक्रार पुण्याला पोचली. तिथले मॅनेजर फोनवर म्हणाले, "मी येतो. कोऱ्या मशीनवर, यादीतलं तेवढंच टाकून चालवून दाखवा. नाही जमलं तर काम इकडे घेतो. वैशालीलाही घेऊ."

"मी काई जात नाही," वैशाली म्हणाली. "तिकडं एका खोलीत पाच जणी राहाचं, आन् वरून आपल्या भाषेले हसतीन. कावून जाऊ?"

*

मॅनेजर आले. कोरी मशीन लावली, यादीतलं टाकलं, प्रोग्राम पहिल्या झटक्यात चालला. ते खूश झाले.

वैशाली माझ्या कानाशी आली. "वहिनी, हे चालाले नोको होतं. वजनाची लायब्ररी यादीत नाही."

मला उमगलं. नवीन काही लागलं की ते ह्यांच्या कॉम्प्युटरवर टाकायचं, ही ऑफिसची रीत. ऑफिसातल्या बाकीच्या मशीन आपल्याकडे नसलेलं तिथून आपोआप उचलत; वरूडला ते ह्यांनी स्वतः जाऊन टाकलेलं. हे गेल्यापासून तो कॉम्प्युटर कुणी बंद केला नव्हता. मीही नाही.

मी उठले.

"कशाला? चाललंय ना," मॅनेजर म्हणाले.

"ह्यांच्या जिवावर चाललंय," मी म्हणाले, आणि ह्यांचा कॉम्प्युटर बंद केला.

प्रोग्राम तिथंच अडकला. वैशाली खुर्ची ओढून बसली. एकेक चूक वाचायची, एकेक नाव यादीत घालायचं.

मॅनेजरांनी घड्याळ बघितलं. "माझी गाडी आहे."

सलीमभाईंनी त्यांची बॅग उचलून कपाटावर ठेवली. "बसा साहेब. चहा येऊन राहिला."

चहा आला, थंड झाला, दुसरा आला. मग प्रिंटर कुरकुरला आणि पावती बाहेर आली. मॅनेजरांनी ती उलटसुलट बघितली, घडी करून खिशात ठेवली.

"काम इथंच राहील," ते म्हणाले. मग जरा हळू, "तो कॉम्प्युटर लावा आता परत."

"राहू द्या," मी म्हणाले, आणि वायर गुंडाळायला घेतली.